हॉलमधल्या मत्स्यपेटीचा पंप: रात्री बंद ठेवावा की बदलावा?

डोंबिवलीहून एका वाचक भगिनींनी लिहिले आहे: ‘आमच्या वन बीएचके घरात हॉलमध्ये अडीच फुटांची मत्स्यपेटी आहे. लांबी ७५, रुंदी ३० आणि उंची ४५ सेंटिमीटर. तीत दोन एंजल, सहा ब्लॅक विडो टेट्रा, एक मोठे लाकूड आणि थोडी झाडे आहेत. पेटीबरोबर दुकानदाराने ३५ वॅटचा आत बसणारा फिल्टर दिला, त्यावर ताशी १८०० लिटर असे छापले आहे. शिवाय ४ वॅटचा एअर पंप खालच्या लाकडी कपाटात ठेवला आहे. सासूबाई हॉलमध्येच झोपतात आणि रात्रभरच्या घरघरीने त्यांची झोप मोडते, म्हणून गेला महिनाभर मी दोन्ही पंप रात्री अकरापासून सकाळी सहापर्यंत बंद ठेवते. पण सकाळी मासे वर येऊन तोंडे उघडझाप करताना दिसतात. एंजल तर दिवसभर लाकडामागेच असतात. दुकानदार साडेचार हजारांचा, अॅडॉप्टरवर चालणारा डीसी पंप घ्यायला सांगतो, त्याने आवाजही जाईल आणि वीजही वाचेल असे म्हणतो. तो घ्यावा का?’

तुमच्या पत्रातले सकाळचे वर्णन वाचून पंपाच्या खरेदीआधी एक गोष्ट सांगणे मला भाग आहे. रात्री फिल्टर बंद ठेवणे आजपासून थांबवावे. मासे वर येऊन तोंडे उघडझाप करतात ते भुकेने नव्हे, खाली त्यांना पुरेसा प्राणवायू मिळत नाही म्हणून. दिवसा उजेडात झाडे प्राणवायू सोडतात, पण दिवा मालवल्यावर तीही माशांप्रमाणेच प्राणवायू वापरू लागतात. म्हणजे ज्या वेळी पाणी हलते राहण्याची गरज सर्वांत जास्त असते, नेमक्या त्याच वेळी आपल्या पेटीतले पाणी सात तास स्थिर राहते. याखेरीज फिल्टरच्या स्पंजात जिवाणूंची एक वसाहत असते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून तयार होणाऱ्या विषारी अमोनियाचे रूपांतर हे जिवाणू आधी नायट्राइटमध्ये आणि मग बरेचसे निरुपद्रवी असलेल्या नायट्रेटमध्ये करतात. त्यांनाही वाहत्या पाण्यातला प्राणवायू लागतो. काही तास पाणी थांबले की ते मरू लागतात आणि सकाळी पंप सुरू करताच स्पंजातले सडके पाणी पेटीत येते. पेटी अजून टिकून आहे याचे श्रेय माशांची संख्या कमी असण्याला आहे.

आता सासूबाईंच्या झोपेचा प्रश्न. तोही तितकाच खरा आहे आणि नवा पंप येण्याची वाट न पाहता तो बराचसा सोडवता येईल असे मला वाटते. घरात दोन यंत्रे चालू असताना आवाज नक्की कुठून येतो हे आपण सहसा तपासतच नाही. आज रात्री घर शांत झाल्यावर आधी एअर पंप बंद करा आणि दोन मिनिटे ऐका. मग तो सुरू करून फिल्टर बंद करा आणि पुन्हा ऐका. माझा अंदाज असा आहे की घरघरीचा मोठा वाटा कपाटातल्या एअर पंपाचा निघेल. या पंपात एका लहान चुंबकाला जोडलेला रबरी पडदा दर सेकंदाला अनेकदा मागेपुढे हलतो आणि हवा ढकलतो. पंपाचा स्वतःचा आवाज फारसा नसतो, पण पोकळ लाकडी कपाटाच्या फळीवर ठेवला की फळी तबल्याच्या पुडीसारखी काम करते आणि त्याचा थरथराट कित्येक पटींनी मोठा करून हॉलभर पसरवते. तो पंप दोरीने टांगून पाहा किंवा खाली जाड स्पंजाचा तुकडा ठेवा. फरक त्याच क्षणी कळेल.

त्याहून बरे म्हणजे तुमच्या पेटीला रोजच्यासाठी एअर पंप लागतच नाही. बुडबुड्यांतून पाण्यात प्राणवायू मिसळतो असे आपल्याला वाटते, पण त्यातला थेट वाटा लहान असतो. बुडबुडे वर येताना पाणी ढवळतात, पृष्ठभाग हलता ठेवतात आणि हवेतला प्राणवायू मुख्यतः त्या हलत्या पृष्ठभागातून पाण्यात उतरतो. फिल्टरचे तोंड थोडे वर वळवून पृष्ठभागावर सतत बारीक लहरी उठत राहतील असे ठेवले की तेच काम होते. पाणी उंचावरून पडू देऊ नका, नाहीतर घरघर जाऊन धबधब्याचा आवाज येईल. एअर पंप टाकून मात्र देऊ नका, त्याचा उपयोग पुढे सांगतो. तो पाण्याच्या पातळीच्या खाली कपाटात ठेवलेला असल्यामुळे नळीत उलटे पाणी अडवणारी झडप आहे ना, हेही पाहून घ्या. ती नसेल तर वीज गेल्यावर नळीतून पेटीचे पाणी उलटे पंपात आणि तिथून कपाटात उतरू शकते.

फिल्टरचा आवाज वेगळ्या जातीचा असतो. आपल्याकडच्या विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो, त्या प्रत्येक आवर्तनात मोटरमधली चुंबकीय ओढ दोनदा शिगेला पोहोचते आणि म्हणून थेट सॉकेटवर चालणाऱ्या साध्या एसी पंपातून सेकंदाला १०० कंपनांची खालच्या पट्टीतली गुणगुण येते. चांगल्या पंपात वेटोळे रेझिनमध्ये घट्ट बसवलेले असते आणि पंख्याचा चुंबकी गाभा, म्हणजे ज्याला सगळे इंपेलर म्हणतात तो, चिनीमातीच्या गुळगुळीत दांड्यावर फिरतो, त्यामुळे गुणगुण पाण्यातच विरते. पंप काचेवर धरून ठेवणाऱ्या रबरी वाट्या कडक झाल्या आणि पंप काचेला टेकला की मात्र अख्खी काच आणि पेटीवरचे झाकण त्याच्याबरोबर थरथरू लागते. गुणगुणीऐवजी खडखड येत असेल तर इंपेलरचे भोक झिजलेले असते, दांडा तुटलेला असतो किंवा आत वाळूचा कण वा छोटी गोगलगाय अडकलेली असते. मधूनमधून खरखर होऊन थांबत असेल तर आत हवा कोंडलेली आहे असे समजावे. प्लग काढून फिल्टर बाहेर घ्या, इंपेलर उपसून त्यावरचा शेवाळी लगदा जुन्या टूथब्रशने धुवा आणि पांढरा क्षार साठला असेल तर कोमट पाण्यात लिंबूसत्व घालून अर्धा तास बुडवून ठेवा. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी वापरणाऱ्या घरांत हा क्षारच पंपाचा खरा शत्रू असतो. नंतर साध्या पाण्याने नीट धुऊन, वाट्या नव्या लावून, पंप काचेच्या कोपऱ्यात न टेकवता बसवा.

एवढ्याने झोपेचा प्रश्न मिटेल, तरीही तुमचा ३५ वॅटचा पंप बदलावा असेच मी म्हणेन. त्याचे कारण तुमच्या एंजल माशांच्या लपण्यात आहे.

पेटीत पाणी किती आहे ते आधी मोजू. काठापासून पाच सेंटिमीटर खाली पाणी ठेवले तर ७५ गुणिले ३० गुणिले ४० म्हणजे ९०,००० घन सेंटिमीटर, अर्थात ९० लिटर. वाळू आणि लाकूड यांची जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी ८० लिटरांच्या आसपास उरते. गोड्या पाण्यातल्या, तुमच्यासारख्या मिश्र पेटीचे पाणी तासाला चार ते पाच वेळा फिल्टरमधून गेले की पुरते. गोल्डफिश घाण जास्त करतात म्हणून त्यांना याच्या दुप्पट लागते, तर फायटर माशाला याहून कमी चालते. म्हणजे तुमची गरज ताशी ३२० ते ४०० लिटरांची आहे आणि दुकानदाराने दिलेला पंप १८०० लिटरांचा आहे. छापील आकड्याच्या निम्मे पाणी जरी प्रत्यक्षात फिरत असले, तरी सगळी पेटी तासाला अकरा वेळा घुसळली जाते. एंजल मासा अंगाने चपटा आणि लांब परांचा असतो. अॅमेझॉन खोऱ्यातल्या संथ, झाडीच्या पाण्यात राहणारा हा मासा अशा ओढीत दिवसभर तोल सावरत पोहू शकत नाही. तो लाकडामागे लपत नाही, तो तिथे आडोशाला उभा असतो. माझ्या पहिल्या पेटीत मीही हीच चूक केली होती. मोठा पंप म्हणजे स्वच्छ पाणी अशी माझी समजूत होती आणि कोपऱ्यात दबून बसलेल्या माशांना मी आजारी समजून औषधे देत राहिलो, याचे आजही वाईट वाटते.

विजेचा हिशेबही याच आकड्यातून निघतो. पंप दिवसाचे चोवीस तास चालतो, त्यामुळे त्याचे वॅट ८.७६ ने गुणले की वर्षाची युनिटे मिळतात. तुमचे ३५ आणि ४ मिळून ३९ वॅट सतत चालले तर वर्षाला सुमारे ३४२ युनिटे होतात. ८ वॅटच्या एका पंपाला ७० लागतात. फरक २७२ युनिटांचा, म्हणजे महिन्याला साधारण साडेबावीस युनिटांचा पडला. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर दराचे टप्पे बदलतात आणि वाचलेली युनिटे नेहमी तुमच्या सर्वांत वरच्या टप्प्यातून वजा होतात. इंधन समायोजन आणि इतर आकार धरून तो दर युनिटला दहा रुपये मानला, तर वर्षाला दोन हजार सातशे रुपयांच्या घरात बचत होते. तुमच्या बिलातला दर वेगळा असेल तर तोच गुणाकार त्या दराने करून पाहा. शिवाय पाण्यात बुडलेल्या पंपाचे सगळे वॅट शेवटी उष्णता होऊन पाण्यातच मिसळतात. २० अंशांच्या पाण्यात एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास उतरतो. म्हणजे मे महिन्यात ३५ वॅटचा पंप पाणी हलवून जे देतो, त्यातले थोडे तापवून काढूनही घेतो.

इथे एक बारकावा लक्षात घ्या, कारण दुकानात ‘हा पंप वीज कमी खातो’ एवढेच सांगितले जाते. तुमच्या पंपाचे १८०० लिटर ३५ वॅटने भागले तर वॅटला ५१ लिटर येतात. जर्मनीच्या एहाईम कंपनीच्या क्लासिक २५० या नावाजलेल्या कॅनिस्टर, म्हणजे पेटीबाहेर ठेवायच्या डब्यासारख्या फिल्टरवर ताशी ४४० लिटर आणि ८ वॅट असे आकडे असतात, म्हणजे वॅटला ५५ लिटर. फरक जवळजवळ नाहीच. छापील आकडे खरे मानले तर तुमचा पंप अकार्यक्षम नाही, तो तुमच्या पेटीसाठी चौपट मोठा आहे. वीज वाचते ती बहुतेक सगळी योग्य आकार निवडल्याने, महाग तंत्राने नव्हे.

म्हणूनच डीसी पंपाबद्दल माझे मत दुकानदाराहून वेगळे आहे. डीसी पंप वाईट नाही. त्याचा वेग कमीजास्त करता येतो आणि वेग घटवला की वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात घटते, म्हणजे वेग ८० टक्क्यांवर आणला तर वीज साधारण निम्म्यावर येते. चांगल्या नियंत्रकाचा डीसी पंप एसीपेक्षा शांतही असतो. पण हा लाभ मोठ्या पेटीत, खाली सम्प, म्हणजे पाण्याची दुसरी टाकी ठेवून ताशी दोन-तीन हजार लिटर पाणी वर चढवणाऱ्याला कळतो. तुमच्या गरजेचा एसी पंप ८ वॅट खातो आणि त्याच क्षमतेचा डीसी समजा ६ वॅट खाईल. दोन वॅट म्हणजे वर्षाला साडेसतरा युनिटे, पावणेदोनशे रुपये. त्यासाठी काही हजार जास्त मोजले तर ते वसूल होईपर्यंत पंपाचे आयुष्य संपलेले असेल. स्वस्त डीसी पंपांचा आणखी एक दोष म्हणजे त्यांच्या नियंत्रकातून किंवा अॅडॉप्टरमधून बारीक, उंच पट्टीतली शिटी येते. कान तिखट असलेल्या माणसाला ती घरघरीपेक्षा जास्त टोचते. साध्या एसी पंपाला पंख्याचा रेग्युलेटर जोडून वेग कमी करण्याचा सल्लाही कोणी दिला तर ऐकू नका. त्याने मोटर गुरगुरते आणि तापते. प्रवाह कमी करायचा तर पंपातून पाणी बाहेर पडते त्या तोंडावरची चकती फिरवावी, पाणी ओढणारे तोंड कधीच दाबू नये.

मग घ्यायचे काय? ६ ते ८ वॅटचा, ५०० ते ७०० लिटर छापलेला, आत बसणारा आणि मोठ्या स्पंजाचा फिल्टर. छापील लिटर हे पाणी मुळीच वर चढवायचे नसताना आणि समोर स्पंज नसताना मोजलेले असतात. स्पंज बसवला आणि आठवड्याभराची घाण त्यात अडकली की त्यातले निम्मे ते दोन तृतीयांश उरतात आणि तुमची गरज तेवढीच आहे. खोक्यावर कमाल हेड म्हणून जी उंची लिहिलेली असते, त्या उंचीवर प्रवाह शून्य असतो हेही ध्यानात ठेवावे. १.५ मीटर लिहिले म्हणजे पंप दीड मीटर उंचीवर पाणी देईल असा त्याचा अर्थ नाही. साडेचार हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी असेलच, तर डीसी पंपाऐवजी त्या पैशांत लहान कॅनिस्टर मिळतो का ते पाहा. तो कपाटात दाराआड बसतो, म्हणून हॉलमध्ये झोपणाऱ्यासाठी त्याच्यासारखा शांत प्रकार नाही. कपाटातून पेटीपर्यंत पाणी चढवायला फार वीज लागत असेल ही शंका अनेकांना येते, पण नळ्या दोन्ही बाजूंनी पाण्याने भरलेल्या असल्यामुळे उतरणारे पाणी चढणाऱ्या पाण्याला तोलून धरते आणि पंपाला फक्त नळीचे व फिल्टरमधल्या थरांचे घर्षण ओलांडावे लागते. काठावर टांगायचे फिल्टर मात्र तुम्हाला नकोत. पाणी जरा आटले की त्यांच्या पडत्या धारेचा आवाज वाढतो.

दुकानात पंप बादलीभर पाण्यात बुडवून चालवून दाखवायला सांगा, कोरडा चालवू देऊ नका, कारण इंपेलरला पाण्याचेच वंगण असते. बाजाराच्या गोंगाटात कानाला काही कळणार नाही, म्हणून पंपावर बोटे ठेवून थरथर पाहा. दांडा चिनीमातीचा आहे का आणि सुटा इंपेलर मिळतो का, हे विचाराच. सुटा इंपेलर मिळत नसलेला पंप पहिल्या खडखडीला फेकावा लागतो. या पंपांवर फ्रिजसारखे ताऱ्यांचे (स्टार) लेबल सहसा दिसत नाही, म्हणून वॅटचा आकडा पंप घरी आणून असा पडताळावा. तुमच्या वीज मीटरवरचा छोटा दिवा एका युनिटला किती वेळा लुकलुकतो ते मीटरवर छापलेले असते, समजा ३२००. घरातले फ्रिज, इन्व्हर्टर, राउटर अशी सगळी उपकरणे पाचएक मिनिटे बंद करून फक्त पंप चालू ठेवा आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. ३६ लाखांना मीटरवरच्या आकड्याने भागा, ३२०० ने भागले तर ११२५ येतात, आणि त्याला त्या सेकंदांनी भागले की वॅट मिळतात. ३५ वॅटला ३२ सेकंद लागतील, ८ वॅटला दोन मिनिटे वीस सेकंद.

नवा फिल्टर आणल्यावर जुना लगेच काढून टाकू नका. जुना स्पंज पेटीतल्याच पाण्यात हलकेच पिळून, कापून नव्या फिल्टरमध्ये बसवा, म्हणजे जिवाणूंची वसाहत जशीच्या तशी नव्या घरी जाईल. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ती मरते, म्हणून पुढेही स्पंज नळाखाली धुऊ नये. पेटीत हात घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी प्लग काढावा, आणि वायर सॉकेटकडे जाण्याआधी खाली झुकवून मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळातच ठिबकेल आणि सॉकेटमध्ये जाणार नाही. घरात ३० मिलिअँपिअरचा गळती प्रवाह तोडणारा स्विच नसेल तर तो इलेक्ट्रिशियनकडून आधी बसवून घ्या. हा खर्च मी पंपाच्या आधीचा मानतो.

इन्व्हर्टर साईन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखा गुळगुळीत प्रवाह देणारा नसेल, तर त्यावर चालताना एसी पंप एरवीपेक्षा जास्त गुणगुणतो आणि तापतो. वीज गेल्यावर पंप इन्व्हर्टरवर घ्यायचा असेल तर हे ध्यानात ठेवा. नाहीतर त्या बाजूला ठेवलेल्या एअर पंपाचा उपयोग इथेच आहे. तो अवघा ४ वॅटचा असल्याने लहानशा इन्व्हर्टरवरही रात्र काढतो. वीज तीन-चार तासांपेक्षा जास्त वेळ गेली असेल तर फिल्टर पुन्हा सुरू होण्याआधी बाहेर काढून त्यातले साचलेले पाणी ओतून द्यावे.

नवा फिल्टर लावल्यावर आठवडाभर एंजल माशांकडे लक्ष ठेवा. ते लाकडामागून मोकळ्या पाण्यात येऊन संथपणे तरंगू लागले तर प्रवाह जुळला असे समजा. तरीही आडोशालाच राहिले तर चकती थोडी बंद करा आणि फिल्टरचे तोंड मागच्या काचेकडे वळवा, पण पृष्ठभागावरची लहर थांबू देऊ नका.